श्रीहरिकोटा की कुरू?

जळगावला रॉकेट तळ का नाही, असं पोरं विचारतात. रॉकेट बहुधा पूर्वेकडे सोडतात, पृथ्वी त्याच दिशेने फिरते म्हणून; आणि जळगावच्या पूर्वेला समुद्र नाही. इंधन संपून गळालेला रॉकेटचा रिकामा टप्पा रावेरच्या केळीबागेत पडला तर भरपाई कोण देणार?

श्रीहरिकोटा (१३.७ अंश उत्तर) आणि फ्रेंच गयानातलं कुरू (५.२ अंश), दोघांच्याही पूर्वेला समुद्र आहे. पृथ्वीच्या फिरण्याचा फुकटचा वेग कुरूला सेकंदाला सुमारे ४६३ मीटर मिळतो, श्रीहरिकोट्याला ४५२. हा फरक किरकोळच. खरी बचत पुढे होते: भूस्थिर (पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसणाऱ्या) उपग्रहाची कक्षा विषुववृत्ताच्या पातळीत आणायला कुरूहून कमी वळवावी लागते, म्हणून उपग्रहाचं इंधन उरतं.

ध्रुवीय कक्षेसाठी, म्हणजे दोन्ही ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेसाठी, कुरूच्या उत्तरेला मोकळा अटलांटिक आहे. आपल्या पीएसएलव्ही रॉकेटला मात्र दक्षिणेकडे जाताना श्रीलंका टाळायला वळसा घ्यावा लागतो. म्हणूनच तमिळनाडूत कुलशेखरपट्टिणमला छोट्या रॉकेटांसाठी नवा तळ उभा राहतोय.

५,८५४ किलोंचा जीसॅट-११ हा दळणवळण उपग्रह आपण २०१८ मध्ये कुरूहून सोडला. त्याचं कारण आपल्या रॉकेटची ताकद, जागा नव्हे.

भूगोलात कुरू सरस, यात वाद नाही. पण उड्डाण डोळ्यांनी बघायचं तर श्रीहरिकोटाच. भुसावळहून चेन्नईची गाडी धरा. जवळचं स्टेशन सुळ्ळूरपेटा. प्रेक्षागॅलरीची नोंदणी आधी करा.