जर्मनीला जाण्याआधी बीड बायपासचा ड्रायव्हिंग क्लास लावावा का?

वाळूजच्या आमच्या कंपनीनं जर्मनीला पाठवायचं ठरवलं, तेव्हा संभाजीनगरात बीड बायपासजवळचा हा क्लास लावला. खाली तक्रारही आहे, म्हणून नाव लिहीत नाही. परदेशी जाणाऱ्यांची वेगळी बॅच, फी साडेचार हजार.

सरांची पद्धत पटली. मोकळ्या प्लॉटवर फक्कीनं रस्ते आखलेले. गाडीत बसलं की सर हॉर्नचा फ्यूज काढून खिशात टाकतात. आपला अंगठा तिकडं किती वेळा जातो, ते तेव्हा कळतं. गाडी जुनी ऑक्टाव्हिया, इथं शेंद्र्यातच जोडलेली. तिचा इंडिकेटर युरोपातल्यासारखा डावीकडं, त्यामुळं मारुतीवाला माणूस वळताना हमखास वायपर चालू करतो. गिअर मात्र डाव्याच हातानं. डाव्या स्टिअरिंगची गाडी आपल्याकडं आणायची कुठून? सर म्हणाले, "तिथं ऑटोमॅटिकच घ्या." भाडं जास्त पडलं, पण सल्ला बरोबर होता.

खरा घाम चौकात काढला. जर्मनीत पाटी, सिग्नल काहीच नसेल, तर उजवीकडून येणाऱ्याला आधी सोडायचं, मग तो गल्लीतून आलेला सायकलवाला का असेना. उजवीकडं कुणी नसेल तर उगाच थबकायचं नाही. हे दुसरं जास्त जड जातं. क्रांती चौकात सिग्नल बंद पडला की ज्यानं आधी नाक घातलं त्याचा रस्ता. जर्मनीत मात्र डावीकडचा आपल्यासाठी थांबेल, असं धरून चालावं लागतं. उजवीकडं वळताना शेजारून सरळ जाणारी सायकल आधी जाऊ द्यायची, हेही सरांनी पोराला सायकलवर पळवून घोटून घेतलं.

पण पिवळ्या चौकटीची पाटी शिकवलीच नाही! टोकावर उभा केलेला तो चौकोन दिसला की आपण मुख्य रस्त्यावर, उजवीकडचा नियम तिथं लागत नाही. एवढ्या मोठ्या गोष्टीवर एक शब्द नाही. ऑटोबान, म्हणजे तिथला एक्सप्रेसवे, तोही पाच मिनिटांत उरकला. ओव्हरटेक डावीकडूनच, समृद्धीवर मिळेल त्या बाजूनं सटकायची सवय इथंच सोडून जा. आणि गाड्या तुंबायला लागल्या की सायरनची वाट न बघता सगळ्यात डावी लेन डावीकडं, बाकीच्या उजवीकडं सरकवून मधे ॲम्ब्युलन्सला वाट ठेवायची.

कागदपत्रांचं काम त्यांच्याकडं देऊच नका. आंतरराष्ट्रीय परवान्याची सरकारी फी हजार रुपये, अर्ज परिवहनच्या साइटवर आपला आपल्याला भरता येतो. हे वर दीड हजार घेतात. शिवाय "वर्षभर बिनघोर चालवा" म्हणून सांगतात. परवान्यावर मुदत वर्षाची असते खरी, पण राहायला गेलेल्या माणसाचं भारतीय लायसन्स जर्मनीत सहाच महिने चालतं. मुक्काम वर्षाच्या आतला आहे असं दाखवलं तर मुदत वाढवून मिळते, त्यासाठी कंपनीचं पत्र निघतानाच घ्या.