मिरजेतल्या शाळेचं नाट्यगृह: भाड्यानं घ्यावं का?

शाळेचं नाव लिहीत नाही. मुख्याध्यापिका बाईंनीच तसं सांगितलंय. नाव फिरायला लागलं की बारशाला, साखरपुड्याला हॉल मिळेल का म्हणून फोन सुरू होतात. मिरज-सांगलीतल्या नाटकवाल्यांना शाळा कुठली ते एव्हाना कळलं असेलच. बाहेरच्यांनी इथं कुणालाही विचारावं.

माझ्याबद्दल थोडं. दिवसा बँकेत नोकरी आणि संध्याकाळी प्रकाशयोजना. राज्य नाट्य स्पर्धा, एकांकिका, शाळांची गॅदरिंगं, मिळेल ते करते. त्यामुळे कुठल्याही हॉलात शिरले की माझी नजर आधी छताकडे जाते आणि मग मीटरबोर्डाकडे. खुर्च्या मऊ आहेत का, हे अगदी शेवटी बघते.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत पहिलं मराठी नाटक उभं केलं, हे आमच्याकडे प्रत्येक उद्घाटनाच्या भाषणात ऐकायला मिळतं. तालमीला जागा कुठं मिळेल, ते मात्र एकही पाहुणा सांगत नाही. भावे नाट्यमंदिरासारखं मोठं रंगमंदिर हौशी गटाला प्रयोगापुरतं घेता येतं. दोन महिने रोज संध्याकाळी तिथं तालीम करणं कुणाला परवडणार? मग कुणाची गच्ची, कुणाचं गोडाऊन, नाहीतर मंगल कार्यालय, तेही मुहूर्त नसतील तेव्हा. या शाळेचा हॉल त्यासाठी आहे, आणि त्या कामाला तो चांगला आहे. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढच्या कुरकुरीचा कुणी भलता अर्थ काढणार नाही.

हॉल जुना, मंगलोरी कौलांचा. कितीतरी वर्षं तिथं मोडकी बाकं आणि निवडणुकीच्या वेळचं सामान पडून होतं. इथल्या एका नाट्यसंस्थेनं शाळेशी अकरा महिन्यांचा करार केला, तो दर वर्षी नवा होतो. छप्पर माजी विद्यार्थ्यांनी दुरुस्त करून दिलं. संस्थेला संध्याकाळ आणि रविवार मिळतो. त्याच्या बदल्यात संस्थेची माणसं आठवड्याला दोन तास मुलांना नाटक शिकवतात आणि स्नेहसंमेलनाचं लाइट-साउंड फुकट करतात. आमच्यासारख्या बाहेरच्या गटांना उरलेल्या तारखा भाड्यानं मिळतात.

आता छताबद्दल. कैच्या, म्हणजे कौलांचं वजन पेलणाऱ्या तिकोनी चौकटी, लाकडी आहेत, जुन्या आहेत, आणि त्यांना एकही दिवा टांगलेला नाही. याबद्दल ज्यानं कुणी निर्णय घेतला त्याला माझा नमस्कार. चार कोपऱ्यांत स्वतंत्र खांब उभे करून त्यावर जीआय पाइपची चौकट बसवली आहे, सगळं वजन तिच्यावर. शाळांच्या हॉलात कैचीला सुतळीनं बांधलेले हॅलोजन मी इतके बघितलेत की ही चौकट बघूनच निम्मं भाडं वसूल झालं.

वीज थ्री फेज, मीटर शाळेपेक्षा वेगळा. हे फार महत्त्वाचं. हजार वॉटचे सहा स्पॉट एकदम लावले की सहा किलोवॉट होतात. शाळेच्या सिंगल फेजवर ते टाकले तर इकडे नाटकाचा क्लायमॅक्स आणि तिकडे ऑफिसातला कॉम्प्युटर एकदमच गार. इथं दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारे सहा-सहा चॅनेलचे दोन डिमर आहेत आणि आठ एलईडी पार, म्हणजे रंगमंचावर उजेड पसरवणारे डबेवजा दिवे. एलईडी स्वस्तातले आहेत. हळूहळू फेड आउट करायला जावं तर शेवटच्या टप्प्यात उतरत नाहीत, टपकन विझतात. दुःखाचा प्रसंग असेल तर हॅलोजनवरच करा. डिमर आणि साउंड एकाच फेजवर असल्यामुळे स्पीकरमधून बारीक घुंई ऐकू येते. मी सांगून आलेय, बघू कधी बदलतात.

अंधार हा दुसरा प्रश्न. खिडक्यांना काळं कापड आहे, पण वरच्या झरोक्यांकडे कुणाचं लक्ष गेलेलं नाही. मे महिन्यात सातच्या आधी पूर्ण ब्लॅकआउट मिळणार नाही, प्रयोग त्या हिशेबानं लावा. पावसाळ्यात कौलांवर सर आली की कुजबुजीचे संवाद गेलेच.

आवाजासाठी मात्र त्यांनी जे केलंय ते मला मोठ्या रंगमंदिरांतही दिसलेलं नाही. खाली शहाबादी फरशी, चारी बाजूंनी दगडी भिंती, म्हणजे सगळा आवाज घुमणार. तर मागची आख्खी भिंत वाकळांनी मढवली आहे. शाळेतल्या पोरांच्या घरून आलेल्या जुन्या वाकळा, नऊवारी लुगड्यांच्या, धोतरांच्या, कुठं एखादा शाळेचा खाकी तुकडा लावलेला. सातवी-आठवीच्या मुलींनी त्या कलाशिक्षकांबरोबर बसून एकमेकींना जोडल्या आणि पट्टीला ठोकल्या. टाळी वाजवून बघा, मागून काही परत येत नाही. एका वाकळेवर कोपऱ्यात कुणाच्या तरी आजीनं लाल दोऱ्यानं टाके घालून स्वतःचं नाव लिहिलंय. आमचा नट तालमीत तिथंच नजर लावून बोलतो.

रंगमंच चोवीस बाय चौदा फूट. उथळ आहे, दोन अंकी घरगुती नाटकाचा सेट लावलात तर नटांना चालायला जागा राहणार नाही. एकांकिका, दीर्घांक, अभिवाचन, बालनाट्य, हे उत्तम. प्रेक्षक शंभर-एकशे दहा, सगळ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. विंगेत तीनच माणसं उभी राहतात, चौथा वर्गात. वर्ग म्हणजे खरोखरच सातवी ब. मेकअप तिथंच करायचा आणि फळ्यावरचा सुविचार पुसायचा नाही.

दिवसा इथं काय चालतं ते बघायला मी मुद्दाम एका शनिवारी सकाळी गेले. मिरजेतले एक तंतुवाद्य कारागीर नववीच्या मुलांसमोर तानपुरा घेऊन बसले होते. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या बातम्या पोरांनी वाचल्या होत्या, पण त्याच गावात राहून तानपुऱ्याला हात कुणीच लावला नव्हता. भोपळे पंढरपूरकडून येतात, लाकूड तुणीचं, हे सांगून झालं. मग त्यांनी तार आणि ती जिच्यावर टेकते ती घोडी यांच्यामधला सुती दोरा काढून घेतला आणि तार छेडली. आवाज बोथट, ठोकळ्यासारखा. दोरा परत घातला आणि एका मुलीला म्हणाले, ‘‘आता तू सरकव, अगदी केसभर.’’ तिनं दोरा ढकलला, काही नाही. अजून थोडा. एका जागी तारेचा आवाज एकदम फुटून पसरला आणि ती मुलगी हात मागे घेऊन हसायलाच लागली. याला जवारी म्हणतात, हे नाव त्यांनी त्यानंतर सांगितलं. असा क्रम राखून शिकवणारे बी.एड. झालेले मास्तरही मला फार भेटलेले नाहीत.

शाळेतली नाट्यचळवळ म्हटली की दादरच्या छबिलदासचं नाव निघतंच. ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेनं १९७४ पासून त्या शाळेच्या सभागृहात नाटकं केली आणि प्रायोगिक रंगभूमीला तिथं घर मिळालं. आविष्कारच्या संस्थापकांपैकी एक, अभिनेत्री सुलभा देशपांडे त्याच शाळेत शिक्षिका होत्या, हे आज पुष्कळांना ठाऊक नसतं. माझ्या मते सगळी गोम तिथं आहे. शाळेच्या आतलं एक माणूस नाटकवेडं असावं लागतं. पुढे आविष्कारला तिथून उठून माहीमच्या महापालिका शाळेत जावं लागलं. दुसऱ्याच्या छपराखाली चालणाऱ्या कामाला हे कधी ना कधी वाट्याला येतं. इथंही तसंच आहे. सगळं एका कलाशिक्षकांच्या जिवावर चाललंय, आणि सर आणखी काही वर्षांत निवृत्त होतील. करारात भाडं, वीजबिल, तोडफोड सगळं आहे, पण हॉलची जबाबदारी शाळेत कुणाकडे, याची ओळ नाही. किल्ली सरांच्या स्कूटरच्या डिकीत असते. ते गावाला गेले की तालीम पोर्चमध्ये.

शिपाई मामांशी जमवून घ्या. नऊ वाजले की ते दाराशी येऊन उभे राहतात. ‘‘म्याडम, साडेनवाला म्या कुलूप घालनार बघा, आत कोन बी ऱ्हाऊ दे.’’ आमच्या दिग्दर्शकानं एकदा आवाज चढवला, तर दुसऱ्या दिवशी खुर्च्यांची खोली उघडलीच नाही. चहा पाजला, उघडली. मामांचं म्हणणं चूक नाही म्हणा, सकाळी सातला प्रार्थनेसाठी हॉल झाडून द्यायचा तो त्यांनाच.

बाथरूम मैदानापलीकडे, दिवा नाही. बायकांच्या गटांनी बॅटरी ठेवा. शाळेला मी हे लेखी दिलंय. नाटक शिकायला येणाऱ्या मुलीही संध्याकाळी तिथंच जातात, त्यामुळे हे काम एलईडीच्याही आधी झालं पाहिजे.

तालमीला तासाला दीडशे, प्रयोगाला दोन हजार, वीज मीटरप्रमाणे. या भागात यापेक्षा स्वस्त माझ्या बघण्यात नाही. तिकीट लावून प्रयोग करणार असाल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या (नाटकांचं सेन्सॉर बोर्डच ते) प्रमाणपत्राची प्रत आधी मागतात, आणि ते बरोबरच आहे. फेब्रुवारी-मार्च बोर्डाच्या परीक्षा, तेव्हा विचारूही नका. स्नेहसंमेलनाच्या आठवड्यातही नाही. सप्टेंबर ते नोव्हेंबर स्पर्धांच्या तालमींसाठी गर्दी असते, जुलैतच सांगून ठेवा. ऑफिसात चौकशी करू नका, तिथं तुम्हाला अर्ज कुणाच्या नावे करायचा हेच सांगणार नाहीत. सरळ कलाशिक्षकांना मधल्या सुट्टीत गाठा. आणि एक्स्टेन्शन बोर्ड घरून आणा, वर मोठ्या अक्षरात नाव घाला. माझा तिथं राहिलेला बोर्ड विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखीला लावलेला सापडला.