कन्सेंटवाले काका : फी वसूल, जिना मात्र जीव घेतो

पहिल्यांदाच सांगतो, हा रिव्ह्यू प्रदूषण मंडळाचे परवाने-कागद करून देणाऱ्या एका सल्लागार काकांचा आहे, पण नाव टाकत नाहीये. काकांनीच सांगितलंय की नाव लिहू नको, आहेत तीच कामं झेपत नाहीत. पण नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीमधल्या माझ्यासारख्या छोट्या शेडवाल्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहितोय, ज्याला खरंच गरज असेल त्याने वैयक्तिक विचारा, नंबर देतो.

माझं झिंक प्लेटिंगचं, म्हणजे लोखंडी पार्टवर जस्ताचा थर चढवायचं, छोटं शेड आहे अंबडला. अकरा माणसं, दोन लाइन, बहुतेक काम ऑटोवाल्या व्हेंडरांचं. प्लेटिंग म्हणजे रेड कॅटेगरी, जास्त प्रदूषणवाल्या धंद्यांची, म्हणजे एमपीसीबीचं (राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ) कन्सेंट, म्हणजे कारखाना चालवायची संमती, हॅझार्डसचं, म्हणजे घातक कचऱ्याचं, ऑथोरायझेशन, सगळं व्यवस्थित लागतं. आतापर्यंत एक एजंट होता, त्याचं एकच वाक्य ठरलेलं, "साहेब तुम्ही टेन्शन घेऊ नका". मी पण घेतलं नाही, आणि रिन्युअलच्या वेळी फाइल उघडली तर कळलं की फॉर्म पाच, म्हणजे दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत द्यायचं ते एन्व्हायर्नमेंट स्टेटमेंट, लागोपाठ दोन वर्षं भरलेलंच नाही. एजंटचा फोन तेव्हापासून "कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर". चूक माझीच म्हणा, सही माझी होती ना, वाचायला कोणी अडवलं होतं.

मग शेजारच्या पावडर कोटिंगवाल्या भाऊंनी या काकांचं नाव सांगितलं. सिडकोत एका जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर ऑफिस, लिफ्ट नाही, जिना इतका अरुंद की वरून कोणी आलं तर आपण अंग चोरून भिंतीला चिकटायचं. आत दोन टेबलं, फायलींचा डोंगर, आणि चहा मात्र न विचारता येतो, आल्याचा, कडक. त्याचा अर्धा स्टार वेगळा.

फीचं वगैरे काही बोलणं नाही, काकांनी पहिला प्रश्न विचारला, "तुमचं पाणी कुठं जातं?" मी म्हटलं ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमध्ये. "आणि ईटीपीतून?" मी गप्प. "पावसाळ्यात कुठं जातं?" मी आणखीनच गप्प. हसले आणि कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून त्यावर तीन चौकोन काढले. वरचा दिल्ली, मधला मुंबई, खालचा नाशिक. म्हणाले, प्रदूषण म्हटलं की लोक यातल्या एकाच चौकोनाला शिव्या घालतात आणि नव्वद टक्के वेळा चुकीच्याच. तुमच्या शेडच्या एकेका कागदाचा मालक वेगळा आहे, तो आधी ओळखायला शिका, मग मी तुमचं काम घेतो.

मला वाटायचं सगळे नियम दिल्लीत होतात आणि खाली येतात. तर काका म्हणाले उलटं आहे, पाण्याच्या बाबतीत महाराष्ट्र दिल्लीच्या आधी निघालाय. आपल्या राज्याने स्वतःचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९६९ मध्येच केला आणि मंडळ उभं राहिलं ७ सप्टेंबर १९७० ला. केंद्राचा पाण्याचा कायदा आला १९७४ मध्ये. आणि तोही सरळ नाही आला, कारण घटनेत पाणी हा राज्यांचा विषय, दिल्लीला तिथे थेट हात घालता येत नाही. मग कलम २५२ काढलं, म्हणजे राज्यांनी आधी ठराव करून सांगायचं की बाबा आमच्यासाठी तुम्ही कायदा करा. बारा राज्यांनी तसं सांगितलं आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता! आपण तो कायदा घेतला १ जून १९८१ ला. हे ऐकून मला उगाचच कॉलर टाइट झाल्यासारखं वाटलं, रेड कॅटेगरीत असूनसुद्धा.

मी मुद्दाम डोकं लावून विचारलं, मग हवेचं काय, तिथे पण राज्यांचे ठराव? तर नाही, हवेचा १९८१ चा कायदा दुसऱ्या दाराने आला. १९७२ मध्ये स्टॉकहोमला युनोची पर्यावरण परिषद झाली, इंदिरा गांधी स्वतः गेल्या होत्या, तिथे भारताने जे मान्य केलं ते अमलात आणायचं म्हणून कलम २५३. परदेशात दिलेला शब्द पाळायला संसद राज्यांच्या यादीतल्या विषयावर पण कायदा करू शकते. भोपाळनंतर १९८६ मध्ये जो मोठा पर्यावरण संरक्षण कायदा आला त्याची वाट पण हीच. काका म्हणाले, "पाण्यासाठी बेल वाजवून आत आले, हवेसाठी पासपोर्ट दाखवून आत आले."

ही गंमत मी रात्री दाजींना फोनवर सांगितली, ते मेलबर्नला असतात. तर ते म्हणे आमच्याकडे पण सेम झालंय. टास्मानिया राज्याला फ्रँकलिन नदी मिळते त्याच्या खाली गॉर्डन नदीवर धरण बांधायचं होतं, केंद्राला नको होतं, पण धरण-बिरण राज्याचा विषय. मग ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने जागतिक वारसा कराराचा आधार घेतला, हायकोर्टात केस गेली आणि १९८३ मध्ये चार विरुद्ध तीन अशा एका मताने केंद्र जिंकलं, धरण बारगळलं. (तिकडे हायकोर्ट म्हणजे सगळ्यात वरचं कोर्ट, मला आधी कळलंच नाही, दाजी चिडले.) म्हणजे जिथे जिथे केंद्र आणि राज्यं असा संसार आहे तिथे हे सासू-सुनेचं चालूच असतं बहुतेक.

असो, रिव्ह्यू काकांचा आहे.

तर नेमकं काम काय केलं ते लिहितो. राहिलेले फॉर्म पाच भरून दिले, उशिराचं पत्र सोबत, खोटी तारीख टाकायला चक्क नकार. हॅझार्डसचं वार्षिक रिटर्न, फॉर्म चार, ते ३० जूनच्या आत जातं, ते बघितलं. गाळ म्हणजे स्लज किती निघाला आणि किती उचलला गेला याचा मेळ बसत नव्हता तर दोन दिवस माझ्या सुपरवायझरला घेऊन ड्रम मोजत बसले, साठीतला माणूस, एप्रिलचं ऊन. गाळ उचलून नेणाऱ्या गाडीच्या प्रत्येक ट्रिपचं मॅनिफेस्ट, म्हणजे वाहतुकीची नोंद, फॉर्म दहा, तारखेप्रमाणे लावून दिलं. आणि पाण्याचा रिपोर्ट हातात घेऊन मला आकडा न् आकडा समजावला. हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं विषारी रूप, लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या वर नको, हा आकडा केंद्राने ठरवलेला. राज्याचं मंडळ तो आणखी कडक करू शकतं, सैल करू शकत नाही. म्हणून कन्सेंटमधल्या अटी वाचायच्या, गुगलवरचा आकडा बघून निवांत बसायचं नाही. माझ्या आधीच्या एजंटने अटींचं पानच मला कधी दाखवलं नव्हतं, फक्त पहिलं पान लॅमिनेट करून दिलेलं, ऑफिसात गणपतीच्या शेजारी टांगायला.

मी विचारलं समजा दिल्लीच्या मंडळाने एक सांगितलं आणि राज्य सरकारने दुसरं, तर आमचं मंडळ ऐकणार कोणाचं? काकांनी लगेच कलम काढलं, पाण्याच्या कायद्याचं १८. राज्य मंडळाला दोघांचे आदेश बांधील, आणि दोघांत विसंगती आली तर निर्णय केंद्र सरकार देणार. भांडण मिटवणारा पंच भांडणातलाच एक, असं मी म्हटलं तर काका म्हणाले, "तुम्ही प्लेटिंग करा."

पैशाचं पण असंच जुनं त्रांगडं होतं म्हणे. पाण्याचा सेस असायचा, १९७७ च्या कायद्याचा, गोळा करायचं राज्य मंडळाने, जायचा दिल्लीला, आणि मग तिथून त्यातला वाटा परत राज्याकडे यायचा. जीएसटी आला तसा जुलै २०१७ पासून तो बंद झाला. माझ्या वडलांच्या काळातल्या फायलीत त्या सेसच्या पावत्या सापडल्या, सुतळीने बांधलेल्या, काकांनी त्या कौतुकाने बघितल्या आणि परत सुतळी बांधली.

आता सगळ्यात उपयोगाचा प्रसंग. शेडसमोरच्या गटारीत एक दिवस हिरवट पाणी आलं. माझं नव्हतं, आईशप्पथ, पण समोरच्या टपरीवाल्याने व्हिडिओ काढला आणि त्यात बोर्ड माझा. आधीचा मी असतो तर चार ठिकाणी फोन करून चौघांना शिव्या घालून मोकळा झालो असतो. काकांना फोन लावला, त्यांनी तीन वाक्यांत सांगितलं. कारखान्याच्या आतलं पाणी आणि त्याचं सॅम्पल हा राज्य मंडळाचा विषय, तिथे आपण स्वतःहून कळवायचं आणि आपलं सॅम्पल मान्यताप्राप्त लॅबकडून त्याच दिवशी घ्यायचं. बाहेरची गटार, साफसफाई, घनकचरा हा स्थानिक संस्थेचा, ७४ व्या दुरुस्तीने १९९२ मध्ये बारावी अनुसूची आली त्यात हे विषय आहेत, पर्यावरणाचं रक्षण हा शब्द सुद्धा आहे त्यात. आणि दिल्लीला ईमेल टाकायचा मोह आवरायचा, तिथून तो फिरून इथेच येणार आणि तोपर्यंत पाणी वाहून गेलेलं असणार. तसंच केलं. लॅबचा रिपोर्ट क्लीन आला, तो मी टपरीवाल्याला पण दाखवला. आता तो चहाचे पैसे घेत नाही, मीच जबरदस्तीने देतो.

दुसरा प्रसंग ऑडिटचा. एका कस्टमरकडून जर्मन माणूस आला होता सप्लायर ऑडिटला. आमचे एक्सपोर्टवाले व्हेंडर आधीच घाबरलेले. त्याने कन्सेंट बघितलं आणि विचारलं कायदा देशाचा तर कागद राज्याचा कसा? माझा घसा कोरडा. मग काकांचं ते कॅलेंडरचं पान आठवलं, तीन चौकोन काढले त्याच्यासमोर, मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये सांगितलं. तो हसला, म्हणाला आमच्याकडे पण असंच आहे, कारखान्यांच्या प्रदूषणाचा कायदा केंद्राचा, १९७४ चा, पण परवानगी देतात राज्यांची ऑफिसं. साल ऐकून मी उडालोच, आपला पाण्याचा कायदा आणि त्यांचा तो एकाच वर्षीचे! पुढचा अर्धा तास ऑडिट बाजूला आणि गप्पाच. ऑडिटमध्ये दोन मायनर (छोट्या त्रुटी) निघाले, ते फायर एक्स्टिंग्विशरचे, काकांचा काही दोष नाही.

तक्रारी पण लिहायला पाहिजेत नाहीतर म्हणाल पैसे घेऊन लिहिलंय.

व्हॉट्सॲपवर काका टाइप करत नाहीत, व्हॉइस मेसेज पाठवतात, आणि तो पण सात-सात मिनिटांचा, त्यात मधे कुकरच्या शिट्ट्या. कामाची गोष्ट नेमकी सहाव्या मिनिटाला. रिमाइंडर देत नाहीत, म्हणतात तारखा तुमच्या, लक्षात तुम्ही ठेवा. अर्जात माझा प्लॉट नंबर एकदा चुकला होता, मी बघितला म्हणून बरं, नाहीतर पोर्टलवर परत क्वेरी आली असती. आणि फी. माझ्याकडून पूर्ण कामाचे २२ हजार घेतले, सरकारी फी वेगळी, ती तुमच्या भांडवली गुंतवणुकीवर ठरते. आधीचा एजंट ९ हजारात करायचा. हिशोब तुम्ही लावा, मला त्या ९ हजारात काय काय नाही मिळालं ते वर लिहिलंच आहे. बिल मात्र पक्कं देतात, जीएसटीसकट.

सेटिंग विचारू नका. माझ्यासमोर एकाने विचारलं, काकांनी त्याची फाइल त्याच्या हातात दिली आणि जिन्याकडे बोट दाखवलं. त्या जिन्याने उतरणं हीच शिक्षा.

बिल्डर मंडळींसाठी : २० हजार चौरस मीटर आणि त्याच्या वरच्या बांधकामाला जी पर्यावरण मंजुरी लागते ती कामं काका घेत नाहीत. ते प्रकरण वेगळं आहे, २००६ च्या अधिसूचनेखालचं, मोठे प्रकल्प दिल्लीत आणि बाकीचे राज्य पातळीवरच्या प्राधिकरणाकडे, आणि ते प्राधिकरण राज्याच्या शिफारशीवरून नेमतं कोण, तर केंद्रच. काका म्हणतात नाव राज्याचं, नेमणूक दिल्लीची, त्याला वेगळा माणूस बघा.

आणि हो, दंडाबद्दल पण विचारून घ्या गेलात तर, सगळ्यांनाच. हवेच्या आणि १९८६ च्या कायद्यात १ एप्रिल २०२४ पासून बऱ्याच गुन्ह्यांची जेल गेली आणि त्याजागी १० हजार ते १५ लाखांपर्यंत दंड आला. पाण्याच्या कायद्यात पण तशी दुरुस्ती २०२४ मध्येच झाली, पण पाणी म्हटल्यावर परत तेच २५२, सुरुवातीला हिमाचल, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू, बाकीच्या राज्यांनी आपापला ठराव करायचा. एकाच शेडमध्ये धुराचा हिशोब वेगळा आणि पाण्याचा वेगळा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं जेल गेली ना, सुटलो. काकांनी १५ लाखातली शून्यं मोजायला सांगितली.

माझ्याकडून साडेचार स्टार. अर्धा जिन्याचा आणि अर्धा व्हॉइस मेसेजचा कापला, चहाचा अर्धा धरून हं, नाहीतर चारच होते.

जाणार असाल तर सकाळी अकराच्या आत जा, नंतर ते साइटवर असतात. गाडी खाली लावायला जागा नाही, मेन रोडला लावून चालत या. मूळ कन्सेंट, मागच्या तीन वर्षांचे लॅब रिपोर्ट आणि वीजबिल सोबत घ्या, आणि पाणी कुठं जातं याचं उत्तर घरूनच पाठ करून जा. पावसाळ्यातलं पण.