साखर, द्राक्षं की यंत्रं: कोणता माल कोणत्या जहाजानं पाठवावा?

निर्यातीची पहिली ऑर्डर आली की आपण दोन-चार फॉरवर्डरांकडून, म्हणजे माल पाठवायची व्यवस्था करणाऱ्या एजंटांकडून, दर मागवतो आणि टनामागे सगळ्यात कमी भाडं सांगेल त्याला होकार देतो. त्याआधी दोन गोष्टी विचारा. माल वाटेत किती वेळा उचल-ठेव होणार? आणि उशीर झाला तर भुर्दंड कोण भरणार?

कोल्हापूर-सांगलीकडची साखर घ्या. ती कंटेनरनंही जाते आणि सुट्या मालाच्या जहाजानंही. २० फुटी कंटेनरमध्ये ५० किलोची साधारण ५४० पोती बसतात, म्हणजे २७ टन. कारखान्यावर किंवा न्हावा शेव्याजवळच्या गोदामात माल भरून सील लागलं की पोत्याला पुन्हा हात लागतो तो थेट खरेदीदाराकडे. शिवाय कंटेनर जहाजाची बंदरं आणि वेळापत्रक आधीच ठरलेलं असतं. तुमचे कंटेनर पाच असोत की पन्नास, जहाज भरायची काळजी तुमची नाही.

पंधरा हजार टनांचा सौदा असेल तर गणित बदलतं. एवढ्या मालाला साडेपाचशेच्या वर कंटेनर लागतील आणि ते एकाच वेळी मिळवणं सोपं नाही. अशा वेळी १० ते ४० हजार टन क्षमतेचं, स्वतःच्या क्रेन असलेलं हँडीसाइज जहाज चार्टर करतात, म्हणजे अख्खं जहाज भाड्यानं घेतात. टनामागचं भाडं बहुधा कमी पडतं, पण जोखीम तुमच्या अंगावर येते. माल चढवायला किती वेळ मिळणार ते करारात लिहिलेलं असतं. ट्रक घाटात अडकले किंवा हमाल कमी पडले, तर ठरलेल्या वेळेपुढे दिवसाच्या हिशेबानं डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड, लागतो. पावसाची सर आली की हॅच, म्हणजे माल भरायच्या तोंडावरची झाकणं, बंद करावे लागतात, कारण ओली साखर कुणी घेत नाही. हे वाया गेलेले तास तुमच्या वेळेत धरायचे की वगळायचे, हे करारातल्या एका कलमावर ठरतं. सही करण्याआधी ते कलम शोधून वाचा. पोतीही फाटतातच, त्यामुळे सोबत रिकामी पोती द्यावी लागतात. पूर्ण जहाजाचा माल आणि बंदरावर खात्रीची माणसं, दोन्ही नसतील तर मी कंटेनरच निवडेन.

माल अगदी थोडा असेल तर दुसऱ्यांच्या मालासोबत एकाच कंटेनरमध्ये, म्हणजे एलसीएलनं, पाठवता येतो. मात्र पलीकडच्या बंदरावरचे खर्च आधी लेखी मागवा, तिथेच स्वस्ताई संपते. माल १५ घनमीटरच्या आसपास गेला की पूर्ण कंटेनरचा दरही विचारून घ्या.

नाशिकच्या द्राक्षांना रीफर, म्हणजे शीतयंत्र बसवलेल्या, कंटेनरशिवाय दुसरा व्यवहार्य पर्याय नाही. फक्त एक लक्षात ठेवा: रीफर माल गार करत नाही, गार मालाचं तापमान टिकवतो. प्रीकूलिंग, म्हणजे भरण्याआधी माल गार करणं, अर्धवट राहिलं तर आतल्या पेट्या प्रवासभर कोमट राहतात. थंड हवा जमिनीकडून वर येते, म्हणून आतल्या लाल रेषेच्या वर पेट्या रचू नका. २०२३च्या अखेरीस लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि युरोपचा प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला. द्राक्षांसाठी हा फरक जीवघेणा आहे. जहाज कोणत्या मार्गानं जाणार, हे बुकिंगआधीच विचारा.

चाकांवर चालणाऱ्या मालासाठी, म्हणजे चाकणच्या गाड्या किंवा एक्स्कॅव्हेटर यांसाठी, रो-रो जहाज उत्तम. रॅम्पवरून गाडी थेट आत जाते, क्रेन लागत नाही, सुटे भाग करावे लागत नाहीत. जहाजं मात्र कंटेनरच्या मानानं कमी सुटतात. एकच अवजड यंत्र असेल तर फ्लॅट रॅक, म्हणजे छत आणि बाजूच्या भिंती नसलेल्या, कंटेनरचा दरही सोबत मागवा.

काकवी, खाद्यतेल असा द्रवपदार्थ टँकरनं जातो, पण त्यासाठी हजारो टन हवेत. वीस-बावीस टन असेल तर कंटेनरमधली फ्लेक्सिटँक, म्हणजे द्रव भरायची मोठी लवचीक पिशवी, बरी.

जहाज कोणतंही घ्या, विमा टाळू नका. २०२१मध्ये 'एव्हर गिव्हन' हे कंटेनर जहाज सुएझ कालव्यात अडकलं, तेव्हा जहाजाच्या मालकानं जनरल ॲव्हरेज जाहीर केलं. म्हणजे जहाज सोडवायच्या खर्चात मालधारकांचाही वाटा आला. ज्यांचा माल शाबूत होता, त्यांनाही हमी दिल्याशिवाय कंटेनर ताब्यात मिळणार नव्हता. विमा असला की अशी हमी विमा कंपनी देते. नसेल तर रोख अनामत तुम्हालाच ठेवावी लागते.