मळणी मशीनवर इअरमफ: बाजरी आणि गहू असे दोन्ही सीझन वापरून झाल्यावर

आधीच सांगतो, मी काही सेफ्टीवाला माणूस नाही. हडपसरला नोकरी करतो आणि सुट्टीला शिरूर तालुक्यात घरी जातो. घरी ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या यंत्राला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर, चालणारी मळणी मशीन आहे. अण्णांनी पंचवीस-एक वर्षं ती आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर भाड्याने फिरवली. आता हार्वेस्टर आलेत पण लहान तुकडे, बाजरी, हरभरा, ज्याला जनावरांसाठी भुसा पाहिजे असा गहू, हे सगळं अजून मळणीवरच होतं.

इअरमफ, म्हणजे आवाज अडवायला हेडफोनसारखे कानांवर घालायचे कप, घ्यायचं कारण अण्णाच. घरात आई 'चहा' म्हणाली की ते विचारतात 'कुठं जा?'. आम्ही हसायचो. मग एकदा पुण्याला आणून कान तपासले तर ऑडिओग्रामची, म्हणजे किती ऐकू येतं त्या आलेखाची, रेघ सरळ चालत येते आणि 4000 हर्ट्झपाशी विहिरीत पडल्यासारखी खाली जाते. डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, 'मशीनवर काम करता का?' मोठ्या आवाजाने जाणारे कान बहुतेक तिथूनच जायला सुरुवात होते म्हणे, म्हणून माणूस बोलतोय ते कळतं पण काय बोलतोय ते कळत नाही, स, श, च असली अक्षरं गळतात. आतल्या केसांसारख्या बारीक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत, औषध नाही, ऑपरेशन नाही. अण्णा बाहेर आल्यावर म्हणाले, वय झालं आता. वय 61.

तर खरेदी. पहिला मफ ऑनलाइन मागवला, तीनशेच्या आत, खोक्यावर मोठ्या अक्षरात 34 डीबी, म्हणजे इतके डेसिबल आवाज अडवतो असा दावा. आला तर खेळण्यासारखा हलका, डोक्यावरची पट्टी ढिली, आणि तो 34 कुठल्या पद्धतीने मोजला ते कुठेच लिहिलेलं नाही. हे बघून घ्या हं, अमेरिकन पद्धतीचा आकडा एनआरआर असतो आणि युरोपचा एसएनआर, त्याच मफचा एसएनआर जास्त दिसतो, त्यामुळे एकाचा हा आणि दुसऱ्याचा तो अशी तुलना करून काही उपयोग नाही. आणि नुसताच डीबी लिहिलेला असेल तर तो आकडा कुणी मोजलाय का हीच शंका. दहा मिनिटं घालून बघितला, घातला काय न घातला काय. परत पाठवला.

दुसरा मग भोसरीला जाऊन घेतला, एमआयडीसीत कंपन्यांना सेफ्टी शूज, हेल्मेट, ग्लोव्हज पुरवणारी दुकानं आहेत त्यातल्या एकात. दुकानदार म्हणतो 'सगळे सेमच असतात साहेब'. सेम नसतात. तीन मफ काढायला लावले, त्यातला एक हेल्मेटला बसवायचा होता, डोक्यावर घालायला पट्टीच नाही, तोच तो माझ्या गळ्यात मारत होता. शेवटी एनआरआर 27 वाला घेतला, साडेसहाशेला. बरोबर नारिंगी फोमचे प्लग, दोरीवाले, वीस जोड. दुकानाला पाचपैकी दोन. माल चांगला आहे पण माहिती शून्य, आणि घालून बघायला दिलं नाही, फक्त डोळ्यांनी बघा म्हणे. पेल्टर कंपनीचे भारी मॉडेल काचेत होते, ते माझ्या बजेटच्या बाहेर.

आता खरा वापर. मोबाईलवर आवाज मोजायचं ॲप टाकलं होतं, अशी ॲप काटेकोर नसतात, अंदाज म्हणून धरा. गहू टाकणारा माणूस उभा असतो तिथे 98 डेसिबलच्या आसपास, रोटाव्हेटर चालू असताना ट्रॅक्टरच्या सीटवर 94-95, आणि गोठ्यातली कडबाकुट्टी 92, जिला आम्ही कधी आवाजच समजत नव्हतो. हिशोब असा आहे की 85 डेसिबलला आठ तास चालतात आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक, 97 ला अर्धा तास. ही अमेरिकेतल्या नायोश संस्थेची मर्यादा. आपल्याकडे कारखान्यांच्या नियमात 90 ला आठ तास धरतात, पण शेतात कोण बघायला येतंय. अण्णा सीझनला दहा-दहा तास उभे असायचे, कानाला उपरणं गुंडाळून, आणि उपरण्याने धुरळा अडतो, आवाज नाही. कापसाच्या बोळ्याचंही तेच.

27 चा मफ घातला म्हणून 98 मधून 27 गेले आणि 71 राहिले असं होत नाही, मी पण आधी हाच हिशोब करून खुश झालो होतो. तो आकडा प्रयोगशाळेतला. अमेरिकेत ओशावाले, म्हणजे कामगारांच्या सुरक्षेचं सरकारी खातं, काय करतात, छापील आकड्यातून 7 वजा करतात आणि उरलेल्याचं निम्मं धरतात. म्हणजे 27 चे झाले 10. म्हणजे कानाशी 88 राहिले, म्हणजे चार तास. पूर्ण दिवसाच्या मळणीला नुसता मफ पुरत नाही हो. प्लग आणि वरून मफ असं दोन्ही घातलं तरी बेरीज होत नाही, जो भारी असेल त्याच्यावर साधारण 5 च वाढतात, पण ते 5 मळणीवर लागतातच. कडबाकुट्टीला आणि रोटरला एकटा मफ बास.

पण मला विचाराल तर डेसिबल हा दुसरा प्रश्न आहे, पहिला प्रश्न माणूस तो दिवसभर घालून ठेवतो का, आणि इथे ह्या मफचे मार्क कापतो. मार्च-एप्रिलच्या उन्हात कप आतून घामाने थपथपतात. त्यावर भुसा चिकटतो, खाज सुटते, माणूस काढतो आणि गळ्यात अडकवून पुढचं काम करतो, आणि गळ्यातल्या मफने मानेचं संरक्षण होतं फक्त. आमच्या मशीनवरच्या पोराने पहिल्या दिवशी विचारलं, 'भाऊ, यात गाणी लागतात का?' नाही म्हणल्यावर त्याचा अर्धा इंटरेस्ट गेला. ट्रॅक्टरवर त्याने डेक बसवलाय, इंजिनच्या वर ऐकू यावं म्हणून फुल, म्हणजे आवाजावर आवाज.

दुसरी भानगड धुरळ्याच्या टॉवेलची. सगळे आधी टॉवेल गुंडाळतात आणि त्यावर मफ चढवतात. कपची गादी कानाभोवती कातडीला चिकटून बसली तरच आवाज अडतो, मधे कापड आलं, चष्म्याची जाड काडी आली, टोपीची कड आली की फट पडते आणि सगळं पाण्यात. आधी मफ, मग त्यावरून टॉवेल, हे त्या पोराला शिकवायला मला चार रविवार लागले. अण्णांना टोपी सोडवत नाही, त्यांनी टोपी जरा मागे सारून पट्टी टोपीवरून आणि कप टोपीच्या खाली असं जमवलं, दिसायला वेगळंच दिसतं पण बसतं नीट.

फोमचे प्लग उलट गरमीला फार बरे. पण नव्वद टक्के लोक ते चुकीचे घालतात, मी धरून, नुसते बुचासारखे कानाच्या तोंडाशी लावून. बोटांनी वळून पेन्सिलीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून घेऊन कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोट लावून धरायचं. बरोबर बसला की स्वतःचा आवाज मटक्यात बोलल्यासारखा येतो. अडचण एकच, हात स्वच्छ पाहिजेत. खताचे, ग्रीसचे हात घेऊन प्लग वळला तर कानाचा वेगळाच आजार व्हायचा. म्हणून आम्ही सकाळी मशीन सुरू करायच्या आधी हात धुऊन घालतो आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत काढत नाही, दुपारी नवा जोड.

आणि भीती. ही सगळ्यांना वाटते आणि ती खोटी नाही. मळणीवर कुणाचा हात, कुणाच्या साडीचा पदर मशीनकडे ओढला गेला तर 'बंद कर!' ही हाक ऐकू आली पाहिजे. खरं तर 98 च्या आवाजात उघड्या कानाला पण ती हाक नीट येत नाही, आम्ही करून बघितलं, पंधरा फुटांवरून ओरडलो तर दोन्ही वेळा पोराला कळलं नाही. म्हणून आता ठरवून टाकलंय, टॉवेल डोक्यावर गरगर फिरवला की ट्रॅक्टरवाल्याने विचार न करता पीटीओ बंद करायचा, आणि ट्रॅक्टरवाल्याने तोंड मशीनकडे ठेवायचं, मोबाईलकडे नाही. मशीन इकडची तिकडे नेताना, रस्त्यावर, मफ काढायचा, मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू यायला हवा.

एक गोष्ट मफच्या आधी करायला हवी होती, ती म्हणजे सायलेन्सर. आमच्या ट्रॅक्टरचा गंजून भोक पडलेला, त्याला पत्रा गुंडाळलेला. तो बदलला तर सीटवरचं रीडिंग तीन-चारने उतरलं, आणि 3 उतरणं म्हणजे चालणारा वेळ दुप्पट, वरचा हिशोब बघा.

कान वाजतात का हे पण बघत जा. मळणीच्या दिवशी रात्री कानात रातकिडे ओरडतात आणि सकाळी थांबतात, आमच्याकडे सगळे त्याला 'मशीनचं वारं' म्हणून सोडून द्यायचे. तो इशारा असतो. ह्या दोन सीझनमधे पोराला एकदाही झालं नाही, एक दिवस सोडून, त्या दिवशी मफ घरी राहिला होता. जाता जाता, गणपती विसर्जनाला लक्ष्मी रोडला हेच नारिंगी प्लग घालून गेलो होतो, डीजेच्या भिंतीसमोर छाती हलत होती पण दुसऱ्या दिवशी कान ठणठणीत. मित्र हसले आणि मग दोघांनी मागून घेतले.

टिकाऊपणाचं म्हणाल तर गाद्यांना आत्ताच तडे गेलेत. ह्या गाद्या वर्षातून दोनदा तरी बदला असं चांगल्या कंपन्या सांगतात, कडक झाल्या की फट पडते. दुकानात विचारलं तर सुट्या मिळत नाहीत, अख्खा नवा घ्या. हे मला पटलं नाही. घेताना आधी विचारा की सुट्या गाद्या मिळतात का, नसतील तर शंभर रुपये जास्त देऊन मिळणारा घ्या. मफला पाचपैकी साडेतीन, प्लगना साडेचार.

एक चूक माझी. मफ मी ट्रॅक्टरवाल्या पोराला आणि अण्णांना दिला. मशीनच्या तोंडाशी भुसा ओढणाऱ्या दोन मावशी असतात, त्यांना कुणी विचारलंच नाही, आणि आवाज तर तिथेच जास्त. हरभऱ्याच्या शेवटच्या दिवशी त्यातल्या एकीने पोराच्या डोक्यावरच्या मफकडे बोट दाखवून विचारलं, 'दादा, आमचे कान काय फुकटचे आहेत का?' येत्या शनिवारी भोसरीला जातोय, अजून दोन मफ आणि प्लगचं अख्खं खोकं आणायला. रविवारी ते दुकान बंद असतं, मागे एकदा फुकट चक्कर झाली.