सिलिंगला नुसता प्राइमर मारला आणि पैसे रंगाचे घेतले

गणपतीआधी घर रंगवायला काढणार असाल तर हे आधी वाचा. आमचं बडोद्यात दांडिया बाजारला जुनं घर आहे, हॉल आणि दोन खोल्या मिळून सिलिंग 420 फूट, ठेकेदाराशी बोलणं झालं होतं ते पुट्टी, एक हात प्राइमर (रंगाआधीचा थर) आणि वर दोन हात इमल्शन (म्हणजे खरा रंग), मटेरियलसकट फुटाला 18 रुपये म्हणजे 7560. मे महिन्यात काम झालं. आम्ही दोघं नोकरीवर, संध्याकाळी येऊन बघितलं तर सिलिंग पांढरंशुभ्र, "ताई, दोन्ही हात मारून झाले" म्हणाला आणि आम्ही त्याच दिवशी सगळे पैसे देऊन टाकले, ही मोठी चूक झाली.

जुलैत पावसाची दमट हवा सुरू झाली आणि पंख्याभोवती काळपट पट्टे दिसायला लागले. मी ओलं फडकं फिरवलं तर फडकं दुधासारखं पांढरं, आणि पुसलं तिथे खालची पुट्टी दिसायला लागली. ओळखीच्या एका जुन्या कारागिराला बोलावलं, त्याने घोडीवर चढून अंगठा घासला, अंगठ्याला पीठ लागलं. "बेन, आ तो खाली प्राइमर छे," म्हणजे हा तर नुसता प्राइमर आहे. आणि तोही पाणी घालून अगदी पातळ केलेला.

प्राइमरचं काम पुट्टीचा शोष थांबवणं आणि रंगाला पकड देणं एवढंच असतं हो, त्यावर रंग नसेल तर तो धूळ, वाफ, स्वयंपाकघरातला धूर सगळं ओढून घेतो आणि पुसताही येत नाही. भिंतीला रंगीत शेड असतो म्हणून लबाडी लगेच दिसते, पण सिलिंगला प्राइमरही पांढरा आणि रंगही पांढरा, खालून बघून कुणाला कळणार? मला फार वाईट वाटलं, कारण तीन दिवस त्या ठेकेदाराला घरच्यासारखा चहा-नाश्ता दिला होता. आता फोन उचलत नाही.

तुम्ही कागदावर किती हात कशाचे ते लिहून घ्या, इमल्शनचा डबा आपल्यासमोर उघडायला लावा, रिकामे डबे काम होईपर्यंत टाकू देऊ नका, आणि थोडे पैसे ओल्या फडक्याने पुसून बघेपर्यंत हातात ठेवा. तो जुना कारागीरच आता काम करतोय, पॉलिश पेपरने घासून, धूळ पुसून, पुन्हा एक हात प्राइमर मारलाय, आणि रंग त्याच्याच सांगण्यावरून हलका क्रीम घेतलाय म्हणजे कुठे हात बसला आणि कुठे राहिला ते खाली उभं राहून दिसतं. काल हॉलचा पहिला हात झाला, फरक दारातूनच कळतो.