खाऱ्या पाण्याची रीफ टाकी, १४ महिन्यांनंतर: शून्य नायट्रेटचा हट्ट नडला

आधी टाकीत काय आहे ते सांगून टाकते. काचेची २०० लिटरची टाकी, खाली कपाटात ६० लिटरचा सम्प (टाकीला जोडलेली खालची टाकी), १८ किलो कोरडा दगड, तळाला बोटभर वाळू. दोन एलईडी दिवे, पाण्यात प्रवाह ठेवणारे दोन वेव्हमेकर, हीटर, पाण्यातली घाण फेसातून काढणारा स्किमर आणि उडून गेलेलं पाणी आपोआप भरणारं ऑटो टॉप-ऑफ. दगड-वाळूची जागा वजा केली तर एकूण पाणी २२० लिटरच्या आसपास. आज तिच्यात पाच मासे आणि अकरा प्रकारची कोरल (प्रवाळ) आहेत. इथवर येताना एक मासा, दोन कोरल आणि मोजायच्या सोडून दिलेल्या गोगलगायी गेल्या. यातलं बरंचसं नुकसान टाकी घाण राहिल्यामुळे नव्हे, तर मी ती फार स्वच्छ ठेवली म्हणून झालं.

गोड्या पाण्याची टाकी मी आठ वर्षं सांभाळली आहे. तो अनुभव इथे कामी आला, फक्त त्यातली एक समजूत सोबत आली ती नको होती: नायट्रेट (माशांच्या घाणीचं शेवटी उरणारं रूप) जितकं कमी तितकं चांगलं. त्यावर पुढे येतेच.

पाण्याची तयारी मी पहिल्या दिवसापासून नीट केली. नळाच्या पाण्यातलं सिलिकेट, फॉस्फेट, तांबं आरओ गाळणी आणि डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार धरणारे दाणे) काढायचं, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर ० आलं की मगच मीठ कालवायचं. चुकले ती मोजताना. खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्यावर शून्याला लावला आणि खारटपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग) दाखवतोय म्हणून निर्धास्त झाले. तीन महिन्यांनी ३५ पीपीटीचं तयार प्रमाण द्रावण आणून ताडून पाहिलं, तर माझे ३५ म्हणजे खरे ३३ निघाले. शून्यावर बरोबर असलेलं यंत्र पस्तिसावर बरोबर असेलच असं नाही. त्या द्रावणाची छोटी बाटली रिफ्रॅक्टोमीटरबरोबरच घ्या.

मासे सोडण्याआधीच्या रिकाम्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. बाटलीतले जिवाणू आणि २ पीपीएम (दशलक्षात २ भाग) अमोनिया टाकून वाट बघायची. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. टाकलेला अमोनिया दिवसभरात संपायला लागला तोवर पाच आठवडे गेले. पाठोपाठ डायटम आले, वाळूवर चहाची भुकटी सांडावी तसे. त्यांना काही करायचं नसतं. पाण्यातलं सिलिकेट संपत आलं तसे ते आपोआप गेले.

मग क्लाउनफिशची जोडी आणली, टाकीतच जन्मलेली. ट्रोकस गोगलगायी आणल्या. उलट्या पडल्या तर त्या स्वतः सुलट होतात, टर्बोंना ते सहसा जमत नाही आणि तिथेच मरतात. कोरलमध्ये झोअँथिड, एक लेदर, एक कँडी केन आणि दोन तोंडांचा हॅमर. लेदरनं तिसऱ्याच आठवड्यात घाबरवलं. चार दिवस मिटून बसला, वर मेणासारखा थर. मी त्याची जागा दोनदा बदलली, पाणी बदललं. तो नुसती कात टाकत होता! पाचव्या दिवशी थर निघून वाहून गेला आणि लेदर आधीपेक्षा जास्त फुलला.

आता स्किमर. या यंत्रावर माझा जीव होता आणि त्यानंच घात केला. तत्त्व साधं आहे: बारीक बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला पाण्यातले सेंद्रिय कण चिकटतात, फेस वर चढतो आणि कपात काळपट, कुजका वास मारणारं पाणी जमतं. कप भरलेला दिसला की घर पुसून काढल्यासारखं वाटतं. 'स्किमर मोठाच घ्या' असं जो तो सांगतो, म्हणून मी ५०० लिटरच्या टाकीसाठीचा घेतला. वर फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे, दर दोन दिवसांनी फिल्टरची पिशवी बदलणं, आठवड्याला १० टक्के पाणी बदलणं. खाणारे मासे दोन, तेही बोटाएवढे. चौथ्या महिन्यात वहीत लिहिलं, 'नायट्रेट ०, फॉस्फेट ०' आणि पुढे बरोबरची खूण केली. ती खूण अजून आहे.

तीन आठवड्यांत हॅमर फिका पडला. वाळूवर तपकिरी, शेंबडासारखी तार दिसू लागली, तिच्यात अडकलेले हवेचे बुडबुडे. दुपारी टाकी भरून जायची, रात्री दिवे गेल्यावर बरीचशी गायब, सकाळी पुन्हा हजर. मी सायफननं ओढून काढायची, पाणी बदलायची, ती दुप्पट यायची. गोगलगायी रोज एक-दोन मरत होत्या. आई टाकीसमोर उभी राहून म्हणाली, "आधी नुसते दगड होते तेव्हा बरी दिसत होती."

हे डायनोफ्लॅजेलेट, हौशी लोकांच्या भाषेत डायनो. ओळखायची घरगुती रीत अशी: ती तार थोड्या पाण्यासह बाटलीत घेऊन जोरात हलवायची, गाळणीच्या कागदातून गाळायची आणि गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवायचं. डायनो असतील तर वेगळ्या झालेल्या पेशी पुन्हा एकत्र येऊन धागे धरतात. माझ्या बाटलीत पाऊण तासात धरले. पण कोणते डायनो, हे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पट मोठं करून पाहिल्याशिवाय कळत नाही आणि उपाय त्यावर ठरतो. माझे थेंबाच्या आकाराचे, टोकाशी बांधल्यासारखे जागच्या जागी गरगरणारे होते, म्हणजे ऑस्ट्रिओप्सिस. हे रात्री पाण्यात तरंगायला निघतात, त्यामुळे अल्ट्राव्हायोलेट दिव्याच्या नळीतून पाणी फिरवलं की सापडतात. वाळूत दडून राहणाऱ्या अँफिडिनियमवर त्या दिव्याचा काही उपयोग होत नाही.

दिव्यापेक्षा मोठा उपाय माझ्या सगळ्या सवयींच्या उलट होता: पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट मुद्दाम घालायचे. दोन्ही शून्याला टेकले की साधी शेवाळं आणि जिवाणू उपाशी पडतात, आणि मोकळी झालेली जागा डायनो घेतात. कोरलचंही तेच. त्याच्या पेशींत राहणारी झूझँथेली ही सूक्ष्म शैवालं उजेडावर अन्न बनवतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. पण नायट्रोजन-फॉस्फरस त्यांनाही लागतो. तोच मी काढून कपात साठवत होते.

लोहाचे दाणे फेकले. स्किमर फक्त रात्री ठेवला. सोडियम नायट्रेट आणि सोडियम फॉस्फेटची पातळ द्रावणं करून रोज थेंब मोजून घालू लागले. नायट्रेट दहा दिवसांत ५ पीपीएमवर आलं. फॉस्फेट मात्र सकाळी घालावं आणि संध्याकाळी पुन्हा शून्य. कोरडा दगड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तो फॉस्फेट धरून ठेवतो. त्याचं पोट भरेपर्यंत पाण्यात काही उरत नाही. पाच आठवड्यांनी ०.०६ पीपीएम टिकलं. डायनो पूर्ण जायला नऊ आठवडे लागले. हॅमर तोवर गेला होता. नंतर काचेवर हिरवं शेवाळ आलं तेव्हा मला आनंद झाला, हे आठ वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर हसले असते.

तेव्हापासून नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ या पट्ट्यात ठेवते. यापेक्षा कमी आकडा आला तर आधी माशांना जास्त खायला घालते.

दुसरं कोरल, माँटिपोरा, अल्कलिनिटीनं (पाण्यातल्या कार्बोनेटांच्या मापानं) नेलं, म्हणजे माझ्याच घाईनं. दगडी कोरल सांगाडा बांधताना पाण्यातून कार्बोनेट आणि कॅल्शियम उचलतात. अल्कलिनिटी १ डीकेएच (हे तिचं एकक) कमी होते तेव्हा कॅल्शियम साधारण ७ पीपीएमनं घटतं. पाचव्या महिन्यात माझी टाकी दिवसाला जेमतेम ०.१ डीकेएच खात होती, आता ०.८ खाते. मधल्या काळात हा वेग वाढतोय हे मला उशिरा कळलं. एका संध्याकाळी चाचणी ६.९ आली आणि मी घाबरून तासाभरात ८.५ वर नेली. दोन दिवसांत माँटिपोराच्या कडेची कातडी सुटायला लागली, आठवड्यात पांढरा सांगाडा उरला. ६.९ वर तो जिवंत होता, हे विसरू नये. आता डोसिंग पंप दिवसभरात थोडं थोडं घालतो, मी रोज एकाच वेळी मोजते आणि दिवसाला ०.५ च्या वर बदल होऊ देत नाही. आकडा ८ असो की ९, कोरलना फारसा फरक पडत नाही असं माझं निरीक्षण आहे. हलणारा आकडा त्यांना सोसत नाही.

ऑटो टॉप-ऑफबद्दल. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं, म्हणून भर नेहमी गोड्या पाण्याची घालायची. माझ्याकडे रोज अडीच लिटर लागतात. सगळ्या सामानात मी सर्वांत आधी पुन्हा घेईन ते हेच यंत्र, आणि तरीही त्यानं एकदा फसवलं. सम्पमध्ये उतरलेली एक गोगलगाय तरंगत्या स्विचवर बसली, स्विच खालीच राहिला आणि पंप चालूच. डबा २५ लिटरचा होता म्हणून निभावलं: खारटपणा ३५ वरून ३१.५ वर उतरून थांबला. १०० लिटरचा पिंप जोडला असता तर कोरल राहिली नसती आणि जमीनही भिजली असती. वर आणताना घाई केली नाही. पुढचे दहा दिवस उडालेल्या पाण्याच्या जागी खारं पाणी भरत गेले, रोज साधारण ०.३५ पीपीटी. आता स्विचभोवती जाळी आहे आणि पंप १५ मिनिटांच्या वर चालत नाही.

सातव्या महिन्यात एक फायरफिश थेट टाकीत सोडला. वेगळं ठेवायला हवं होतं, माहीत होतं, केलं नाही. दहा दिवसांत त्याच्या अंगावर मिठाचे कण चिकटल्यासारखे ठिपके. क्रिप्टोकॅरियन. हा परजीवी माशाच्या अंगावर काही दिवस राहतो, मग गळून दगड-वाळूवर कोश करतो आणि त्यातून शेकडो पिल्लं नवा मासा शोधत निघतात. ठिपके गेले म्हणजे मासा बरा झाला असं नसतं. तांब्याचं औषध चालतं, पण रीफ टाकीत घालता येत नाही. कोळंबी, गोगलगायी, कोरल सगळ्यांना ते विष आहे. म्हणून क्लाउन आणि तोवर आलेला रॉयल ग्रामा मासा ४० लिटरच्या वेगळ्या टाकीत हलवले, तांबं रोज मोजत उपचार केला, आणि मुख्य टाकी ७६ दिवस माशांविना ठेवली. फायरफिश दुसऱ्याच दिवशी मेला. मासे नाहीत म्हणजे खाणं नाही, म्हणजे नायट्रेट पुन्हा शून्याकडे. त्या अडीच महिन्यांत ती नायट्रेटची बाटली पुन्हा काढावी लागली. आता शिंपलाही आणला तरी आधी वेगळा राहतो.

दिव्यांबद्दल थोडक्यात. ४० टक्क्यांवर सुरू करून आठवड्याला ५ टक्के वाढवले, म्हणून त्रास झाला नाही. उसन्या पार मीटरवर (कोरलना वापरता येणारा उजेड मोजणारं यंत्र) मोजलं तेव्हा वाळूवर ८०, दगडाच्या माथ्यावर २२० आलं. झोअँथिड आणि कँडी केन खाली, नवा माँटिपोरा वर. हीटर मी वेगळ्या कंट्रोलरवर ठेवते, कारण हीटर बिघडतो तेव्हा बहुधा चालू राहूनच बिघडतो. वीज गेली तर आधी प्राणवायू संपतो, म्हणून बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी हवा. आणि झोअँथिड हाताळताना हातमोजे, चष्मा घालाच. काहींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. ते चिकटलेले दगड उकळल्यानं माणसं दवाखान्यात पोहोचली आहेत.

घेण्याआधी एक गोष्ट तपासा. सगळी दगडी कोरल साइट्स या संकटग्रस्त प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या परिशिष्ट २ मध्ये येतात, आणि काही देशांत ती घरी बाळगायलाच बंदी आहे. परवानगी असेल तिथेही टाकीत वाढवलेल्या कोरलचे तुकडे घ्या. ते टाकीतल्या जगण्याला आधीच सरावलेले असतात.

क्लाउनची जोडी आता मोठी झाली आहे. क्लाउनफिश सगळे नर म्हणून वाढतात आणि जोडीतला वरचढ मादी होतो; आमच्याकडची मादी काच पुसताना माझा हात चावते. बाराव्या महिन्यात तिनं पंपामागच्या दगडावर केशरी अंडी घातली. नर आठ दिवस त्यांना पंखांनी वारा घालत होता, आठव्या रात्री दिवे गेल्यावर पिल्लं निघाली आणि सकाळपर्यंत एकही उरलं नाही. ग्रामानं खाल्ली असतील, काही स्किमरच्या कपात सापडली.

पुढच्या खेपेसाठी २० लिटरची वेगळी टाकी तयार आहे. पिल्लांना पहिले दिवस रोटिफर हे अतिसूक्ष्म जीव खायला लागतात आणि रोटिफरना हिरवं पाणी, म्हणून खिडकीत दोन बाटल्या भरून शेवाळ वाढवते आहे. आई ते रोज मोरीत ओतायला निघते.